वजाबाकी कुणाच्या खात्यात?

मुलांचे सोसणे मोजण्याचे एक शास्त्र गेल्या काही दशकांत उभे राहिले आहे. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी हवाईतील काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. दारिद्र्य आणि घरच्या आपत्ती यांत वाढलेल्या मुलांपैकीही सुमारे एक तृतीयांश मुले धडपणे उभी राहिली. ‘मूल का मोडले नाही’ हा प्रश्न रुजवण्यात या अभ्यासाचा वाटा मोठा आहे.

या गुणाला इंग्रजीत रेझिलियन्स म्हणतात. मराठीत त्याला ‘मानसिक लवचिकता’ म्हटले जाते. हा शब्दच मला खटकतो. लवचिक ते, जे वाकते. आमच्या बापजाद्यांना वाकणे शिकावे लागले नाही. गावगाड्याने ते पाठीवर लादलेच होते. शिकावे लागले ते ताठ उभे राहणे.

कॅनडातील मायकेल उंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ देशांतील १४ ठिकाणी काम करून किशोरवयीनांसाठी २८ विधानांची प्रश्नावली सिद्ध केली. भारतही त्या देशांत होता. त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. बळ केवळ मुलाच्या मनात नसते, ते कुटुंबात आणि भोवतालातही असते, हे त्यांनी मान्य केले. भूक लागली तर खायला मिळते का, हेही ही प्रश्नावली विचारते. मानसशास्त्राने पोटाची विचारपूस करावी, हे थोडे नव्हे.

परंतु तिच्यातील दोन विधाने तपासली पाहिजेत. एक, आपल्या समुदायात आपल्याला न्यायाने वागवले जाते. दुसरे, समुदायाच्या परंपरांत आपल्याला आनंद वाटतो. हा समुदाय म्हणजे कोण? गाव की वाडा? गाव म्हणावे, तर मेलेली ढोरे ओढायचे नाकारणाऱ्या, येसकरकी सोडणाऱ्या घरातील मुलाने काय उत्तर द्यावे? ‘मुळीच नाही’ म्हटले की गुण घटतात. वास्तविक त्या नकारातच त्याचे बळ आहे. वाडा म्हणावे, तर जयंतीच्या आनंदाचे गुण मिळतात. पण गावाचा जाच कागदावर उमटतच नाही. आणि ‘मला न्याय मिळत नाही’ असे मूल खरे बोलले, तर तेथेही बेरीज उतरते. गुन्हा गावाचा, वजाबाकी मुलाच्या खात्यात!

कोणी म्हणेल, ही बेरीज मुलाच्या स्वभावाची नसून त्याला मिळणाऱ्या आधारांची आहे. मान्य. पण आकडा मुलाच्या नावापुढे लिहिला जातो, गावाच्या नावापुढे नाही.

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात बोलका आहे. उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना त्यांनी कागदावरच्या भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांत लक्षणीय फरक दिसला नाही. सर्वांसमोर जात पुकारली, आणि दलित मुलांची कोडी कमी सुटली. मुले तशीच होती, कोडीही तशीच होती. बदलले ते पुकारणाऱ्याचे तोंड. मग मोजायचे कुणाला?

१९७८च्या ‘बलुतं’पासून आमच्या आत्मकथनांकडे ‘एवढे सोसून माणूस कसा तगला’ अशा कौतुकाने पाहणारी समीक्षाही याच वळणाची आहे. तिला सोसणारा दिसतो, सोसायला लावणारा दिसत नाही.

मापन नकोच, असे माझे म्हणणे नाही. जे मोजले जात नाही ते नाकारणे व्यवस्थेला सोपे जाते, हे आम्ही जाणतो. परंतु साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत, शिपायाने नळ सोडला तरच त्यांना पाणी मिळे. त्या मुलाची बेरीज किती भरली असती, यापेक्षा त्या शाळेची किती भरली असती, हे मला आधी जाणून घ्यायचे आहे. प्रश्नावली प्रथम मास्तराला, पाणवठ्याला आणि पंक्तीला लावा. मुलाकडे नंतर या.