पाण्याखालचे अज्ञान

समोरून जाणारे जहाज तीन मिनिटे पंधरा सेकंदांत जितके शेकडा मीटर अंतर कापील, तितके नॉट त्याचा वेग असतो. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, एवढ्या एका मानावरून निघणारे हे साधे त्रैराशिक आहे. परंतु पाणबुडीच्या संगणकी खेळांचे ज्यांना व्यसन जडले आहे अशा जगभरच्या मंडळींना ते संध्येच्या मंत्राप्रमाणे मुखोद्गत असते, आणि मध्यरात्री, घरातील सर्व माणसे निद्राधीन झाली असता, शाळेत भूमितीने ज्याच्याकडे कधीही प्रसन्न मुद्रेने पाहिले नाही असा एखादा प्रौढ गृहस्थ, कागद, पट्टी आणि कोनमापक घेऊन, १९४१ सालच्या उत्तर अटलांटिकमधील एका मालवाहू जहाजाची वाट नकाशावर आखीत बसलेला असतो. या उद्योगाला खेळ का म्हणावे, असे आमच्या घरी मला अनेकदा विचारण्यात आले आहे. खेळ म्हटला की काही तरी घडावे लागते, येथे तर तास तास काहीच घडत नाही, हा घरच्यांचा आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. मात्र प्रतीक्षा हाच ज्या कलेचा प्राण, तिची परीक्षा घडामोडींच्या संख्येवरून करणे मला न्यायाचे वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धातील पाणबुडी हे पाण्याखाली गेल्यावर जवळजवळ आंधळे होणारे यंत्र होते. जर्मनांची बहुप्रसवा ‘सेव्हन-सी’ जातीची नौका पृष्ठभागावर सतरा नॉटांहून अधिक वेगाने धावे, पण बुडी मारताच तिचा वेग साडेसात नॉटांच्या घरात येई, आणि बॅटऱ्यांच्या बळावर चार नॉटांच्या मंदगतीने ती अवघे ऐंशी सागरी मैल जाऊ शके. अशा अवस्थेत कप्तानाच्या हाती उरे ते काय? वर काढताच शत्रूला दिसण्याची भीती असलेल्या पेरिस्कोपमधील एक वाटोळे चित्र, श्रवणयंत्रापाशी बसलेल्या एका माणसाचे कान, घड्याळ, आणि या तिहींच्या साक्षीवरून बांधलेले अनुमान. टॉर्पेडो, ज्याला आपल्या जुन्या वृत्तपत्रांनी पाणतीर असे समर्पक नाव दिले, तो जहाज जेथे आहे तेथे सोडून चालत नाही. ते जेथे असेल तेथे सोडावा लागतो, आणि त्यासाठी अंतर, वेग व जहाजाचे तोंड आपल्या दृष्टिरेषेशी किती अंशांचा कोन करते, हे तिन्ही आकडे बहुधा चुकीचेच असलेल्या मोजमापांतून काढावे लागतात. म्हणून या खेळांपुरती मी एकच कसोटी मानतो: खेळाने खेळाडूपासून किती लपवून ठेवले, आणि लपवलेले ताडून पाहण्याची साधने किती इमानाने त्याच्या स्वाधीन केली.

या कसोटीवर आरंभीच्या कृती फारशा टिकत नाहीत. सेगा कंपनीने १९६६ च्या सुमारास करमणुकीच्या दालनांत मांडलेले ‘पेरिस्कोप’ हे विजेवर चालणारे यंत्र, किंवा मिडवे कंपनीचा १९७६ चा ‘सी वुल्फ’, हे वस्तुतः जत्रेतील बंदुकीने फुगे फोडण्याच्या खेळाचे दर्यावर्दी भाऊबंद होत. डोळा लावायला पेरिस्कोप होता, एवढाच काय तो पाणबुडीशी संबंध. खरी सुरुवात १९८५ साली मायक्रोप्रोज या संस्थेने काढलेल्या, सिड मायर यांच्या ‘सायलेंट सर्व्हिस’पासून मानावी लागेल. पॅसिफिक महासागरातील अमेरिकन पाणबुड्यांचा हा खेळ, आजच्या दृष्टीने केवळ चौकोनी ठिपक्यांचा, पण त्यात खेळाडूला स्वतःच्या अडचणी स्वतः निवडण्याची मुभा होती, आणि त्या अडचणींत एक होती न फुटणाऱ्या पाणतीरांची. अमेरिकेच्या मार्क-१४ पाणतीरांनी युद्धाची जवळजवळ दोन वर्षे आपल्याच कप्तानांचा विश्वासघात केला. ते नेमलेल्यापेक्षा खोल धावत, त्यांचे चुंबकीय स्फोटक भलत्याच वेळी उडे, आणि सरळ आघात झाला तर आघाताने फुटणारी कळ चेपून निकामी होई. हे दोष एकामागून एक निस्तरता निस्तरता १९४३ चा सप्टेंबर उजाडला. हिशेब बिनचूक, नेम अचूक, आणि तरीही लोखंडावर लोखंड आपटल्याचा नुसता ठण्णकार, ही निराशा मनोरंजनाच्या बाजारात विकत देता येते, किंबहुना गिऱ्हाईक ती मागून घेते, हा शोध त्या लहानशा खेळाने लावला. पुढे १९९४ मध्ये डायनॅमिक्सच्या ‘एसेस ऑफ द डीप’ने एकेका प्रसंगाऐवजी संपूर्ण युद्धाची कारकीर्द जगायला दिली आणि काफिल्याची इत्तला बिनतारी यंत्राने मुख्यालयाला कळवून इतर पाणबुड्या गोळा होईपर्यंत त्याच्या मागावर राहण्याचा, म्हणजे सावजावर झडप न घालण्याचा, धडा दिला. १९८१ सालच्या ‘दास बोट’ या चित्रपटाने घामाने निथळणाऱ्या चेहऱ्यांचे आणि दाबाने करकरणाऱ्या पोलादाचे जे कल्पनाविश्व उभे केले होते, त्याची छाया तेव्हापासून या सर्व कृतींवर पडली आहे, आणि ती अजून हटलेली नाही.

येथे थोडे आडवाटेला जाणे भाग आहे, कारण मी ज्याला कसोटी म्हणतो तिचा मान माझ्याकडे नसून लिव्हरपूलच्या काही तरुण स्त्रियांकडे जातो. जानेवारी १९४२ मध्ये, अटलांटिकमधील जहाजांचा संहार कळसाकडे चालला असता, ब्रिटिश नौदलाने प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त केलेल्या गिल्बर्ट रॉबर्ट्स या अधिकाऱ्याला लिव्हरपूल येथील डर्बी हाऊसमध्ये एक कक्ष उघडून दिला आणि नौदलाच्या महिला दलातील काही मुली त्याच्या हाताखाली दिल्या. त्यांनी जमिनीवर लिनोलियम अंथरून त्यावर समुद्राच्या चौकटी आखल्या आणि खडूने युद्ध खेळायला प्रारंभ केला. संरक्षक नौकांच्या भूमिकेतील अधिकाऱ्यांना पडद्यांमागे उभे करून त्यांतील झरोक्यांमधूनच जमीन पाहू देत. आणि पाणबुडीचा मार्ग अशा हिरव्या खडूने काढीत की त्या झरोक्यातून, त्या कोनातून, तो दिसूच नये! या जमिनीवरच, काफिल्याच्या पोटात शिरून पाणतीर सोडणाऱ्या जर्मन डावपेचाचा उलगडा झाला, आणि त्यावरचा ‘रास्पबेरी’ नावाचा उतारा निघाला. जीन लेडलॉ आणि जॅनेट ओकेल ही त्यातील दोन नावे विसरण्याजोगी नाहीत. पुढे हजारो अधिकारी या खडूच्या समुद्रावर शिकून खऱ्या समुद्रावर गेले. संगणकाच्या जन्मापूर्वीच या कलेचे मर्म, म्हणजे समोरच्याला काय दिसू द्यायचे नाही याचा बंदोबस्त, कोणी तरी इतके स्वच्छ ओळखले होते, हे ध्यानात घेतल्यावर नव्या कृतींच्या चकचकीत लाटांनी दिपून जाणे कठीण होते.

तरीही मार्च २००५ मध्ये आलेल्या ‘सायलेंट हंटर ३’विषयी लिहिताना मला निःपक्षपाती राहता येत नाही. युबीसॉफ्टच्या बुखारेस्ट येथील शाखेने तो रचला, आणि त्यातील समुद्र, विशेषतः वादळात, पहिल्यांदाच रंगवलेला पडदा न वाटता आपल्या जिवावर उठलेली वस्तू वाटला. पण त्याचे थोरपण लाटांत नाही. त्यात वास्तवतेची टक्केवारी खेळाडूच ठरवी: बाहेरून नौका पाहण्याची सोय बंद केली, नकाशावर शत्रू आपोआप उमटणे बंद केले, पाणतीरांचा हिशेब तज्ज्ञाऐवजी स्वतःकडे घेतला की टक्के चढत, आणि मिळणारी प्रतिष्ठाही त्या प्रमाणात वाढे, म्हणजे अज्ञानाला येथे रोख मोबदला होता. शंभर टक्क्यांवर खेळणारा मनुष्य स्वतःची नौका बाहेरून कधीच पाहत नाही. विनाशिकेच्या ध्वनिलहरी कवचावर टणत्कार करू लागल्या, की तो यंत्रे मंद करतो, खोल जातो, आणि डोक्यावरून जाणाऱ्या पंख्यांचा आवाज वाढतो की घटतो एवढ्यावर आपले भवितव्य वाचू पाहतो. दृश्य माध्यमाने ऐकण्याची कला शिकवावी, यातील विरोधाभास मला आजही चकित करतो. पुढे हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे खपून या खेळाची इतकी पुनर्घडण केली की मूळ कृती त्यात विटेविटेने बदललेल्या वाड्यासारखी झाली.

त्याच्या धाकट्या भावंडांविषयी थोडक्यात आटोपतो. २००७ चा चौथा भाग पॅसिफिकमध्ये गेला, चांगला होता. २०१० चा पाचवा, सतत इंटरनेटच्या दोरीला बांधून ठेवण्याच्या विक्रेत्यांच्या अटीमुळे आणि अपक्व अवस्थेत बाजारात आल्यामुळे, बदनाम झाला, आणि त्या मालिकेचे दफ्तर तेथेच बंद झाल्यासारखे आहे.

त्यानंतरच्या दोन कृती मात्र स्वतंत्र विचाराला पात्र आहेत, कारण दोहोंनी आपापल्या परीने नौकेतील माणसांकडे लक्ष वळवले. ‘सायलेंट हंटर ३’मधील खलाशी हे खऱ्या अर्थाने माणसे नव्हतेच, थकले की एका कप्प्यातून दुसऱ्यात हलवायचे, अशी ती पटावरची प्यादी होती. पोलंडमधील डीप वॉटर स्टुडिओच्या ‘यूबोट’ने, जो २०१९ पासून अपूर्णावस्थेत विकला जात होता आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुरा झाला, नौका उभी चिरून बाहुलीच्या घरासारखी दाखवली: कोण निजला आहे, कोण स्वयंपाक करतो, हवा किती उरली आहे, कोणाचे मनोधैर्य ढासळले आहे. कल्पना मोहक आहे, परंतु माझ्या कसोटीवर ती अंगलट येते. सर्व खोल्यांत एकाच वेळी पाहणारा डोळा हा ईश्वराचा किंवा मुकादमाचा असतो, कप्तानाचा नव्हे. याउलट ‘वुल्फपॅक’ या स्वीडिश खेळाने फार कमी केले आणि अधिक साधले. तेथे एकाच नौकेवर अनेक खरी माणसे बसतात. पेरिस्कोपपाशी असलेला एक जण कोन ओरडून सांगतो, दुसरा तो गणनयंत्रात भरतो, तिसरा सुकाणू धरतो, आणि चौथ्याने गडबडीत ‘सत्तर’ ऐवजी ‘साठ’ ऐकले तर चारही पाणतीर रिकाम्या समुद्रात निघून जातात. अज्ञान आता शत्रू आणि आपण यांच्यापुरते उरत नाही. ते आपल्याच माणसांमध्ये येऊन बसते. या कलेने गेल्या वीस वर्षांत टाकलेले खरे पाऊल मी हेच समजतो.

एवढे झाले तरी दोन गोष्टी या खेळांना साधलेल्या नाहीत. पहिली काळासंबंधी. गस्तीवर गेलेली नौका आठवड्यांमागून आठवडे समुद्रावर असे. पन्नासाच्या आसपास माणसे, दोन शौचकूप, आणि प्रवासाच्या आरंभी त्यांतल्या एकात अन्नसाठा. खेळात मात्र काळ हजारपट वेगाने पळवण्याची कळ असते, आणि त्या गतीने एक अहोरात्र दीड मिनिटात संपते. कळ काढून टाका असे मी म्हणणार नाही, मीही संसारी माणूस आहे. परंतु त्या कळीबरोबर कंटाळा जातो, आणि कंटाळ्याबरोबर भीतीचा अर्धा भार जातो. शिवाय खेळाडूचे डोळे बांधता आले तरी त्याचे पंचांग काढून घेता येत नाही. मे १९४३ मध्ये एका महिन्यात एक्केचाळीस जर्मन पाणबुड्या बुडाल्या, त्यांतील एकीवर खुद्द जर्मन नौसेनापती डोनिट्झचा धाकटा मुलगा पेटर होता, आणि २४ मे रोजी डोनिट्झला आपल्या नौका उत्तर अटलांटिकमधून मागे घ्याव्या लागल्या, हे खेळाडूला ठाऊक असते. म्हणून माझ्या ओळखीचे कित्येक कप्तान एप्रिल १९४३ च्या अखेरीस कारकीर्द बंद करून पुन्हा सप्टेंबर १९३९ च्या प्रसन्न शरदात नवी उघडतात. जर्मन पाणबुडीदलात गेलेल्या सुमारे चाळीस हजारांपैकी तीन चतुर्थांश परतले नाहीत. त्यांना ही सोय नव्हती.

दुसरी उणीव काचेच्या पलीकडची आहे. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री यू-४८ या पाणबुडीने ‘सिटी ऑफ बनारस’ बुडवली. कप्तान ब्लाइखरोट याच्या नजरेसमोर होती ती काफिल्यातील एक दिवे मालवलेली मोठी नौका. तिच्यावर युद्धापासून दूर कॅनडाला निघालेली नव्वद मुले आहेत, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. सत्त्याहत्तर मुले गेली, आणि तिच्यावरील हिंदी खलाशांपैकीही शंभराच्या आसपास. ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या भट्ट्यांपुढे, दोरांवर आणि मुदपाकखान्यांत त्या काळी हजारो हिंदी माणसे राबत होती. त्यांत कोकणच्या खाड्यांवरची होती, आणि मुंबईत धोबीतलावच्या कूडांमध्ये, म्हणजे आपापल्या गावच्या वसतिगृहांत, पेटी ठेवून जहाज धरणारी गोवेकरही होती. मी ज्या जहाजाचा कोन मोजतो त्याच्या तळघरात रत्नागिरी जिल्ह्यातला कोणी कोळसा ओढीत असण्याची शक्यता मुळीच काल्पनिक नाही, आणि हे अज्ञान, जे इतिहासातील प्रत्येक कप्तानाच्या वाट्याला आले, ते अज्ञान म्हणून जाणवून देणारा खेळ मी अद्याप खेळलेलो नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये ‘लॅकोनिया’ बुडवल्यावर पाण्यात शेकडो माणसे पाहून हार्टेनस्टाइन या कप्तानाने बचावकार्य आरंभले, अमेरिकन विमानाने त्यावरही बॉम्ब टाकले, आणि काही दिवसांतच डोनिट्झने अशा बचावाला मनाई करणारा हुकूम काढला. या चार-पाच दिवसांत जितके नाट्य आहे तितके शंभर काफिल्यांच्या पाठलागांत नाही, आणि ते उभे करायला नव्या लाटा नकोत, नवे दिवे नकोत, केवळ बुडत्या जहाजापाशी आणखी दहा मिनिटे थांबण्याची तयारी हवी.

माझ्या संग्रही अशा मोहिमांचे बरेच रोजनामे साठले आहेत. सर्वांत रकाने तेच: तारीख, वेळ, नकाशाचा चौकोन, जहाजाची जात, टनभार. नवा खेळ आला की हल्ली मी समुद्र नंतर पाहतो. आधी रोजनामा उघडून रकाने मोजतो.