आयटीआयएलची चौकट आणि एम्समधले दोन आठवडे

आयटीआयएल या सेवा-व्यवस्थापन चौकटीवरच्या टिपणांत एक वाक्य हमखास असते : इन्सिडेंट म्हणजे सेवेत आलेला अनपेक्षित खंड आणि प्रॉब्लेम म्हणजे त्यामागचे कारण. परीक्षेला एवढे पुरते. चौकट कितपत उपयोगी आहे हे मात्र एखाद्या खऱ्या प्रसंगावरच कळते.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी दिल्लीच्या एम्समधील ई-हॉस्पिटल प्रणाली रॅन्समवेअरच्या हल्ल्यामुळे बंद पडली. नोंदणी, रुग्णांची भरती, बिले, प्रयोगशाळेचे अहवाल ही कामे हाताने करावी लागली. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले होते, सुमारे १.३ टेराबाइट माहिती एन्क्रिप्ट झाली होती आणि नेटवर्कची विभागणी योग्य नसल्याने शिरकाव शक्य झाला होता. हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली. बहुतेक कामे पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले.

यातला इन्सिडेंट २३ तारखेचा. प्रॉब्लेम, म्हणजे विभागणीतली उणीव, मात्र त्याआधीपासूनच तिथे होता. इन्सिडेंट घडण्याची वाट न पाहता असे प्रॉब्लेम शोधावेत, असे आयटीआयएल स्पष्ट सांगते. आपल्या वर्गात हा भाग एका ओळीत उरकला जातो; तो दोष शिकवणाऱ्यांचा (माझ्यासकट), चौकटीचा नाही.

चौकटीवरचा माझा खरा आक्षेप मोजमापाबद्दल आहे. सेवा-करारात, म्हणजे एसएलएमध्ये, उपलब्धता बहुधा टक्केवारीत लिहितात. वर्षातले १४ दिवस सेवा बंद राहिली तरी उपलब्धता ९६ टक्क्यांहून अधिक भरते! वार्षिक अहवालात हा आकडा अगदी गोजिरा दिसेल. पण सरासरी काढताना अपघात विभागातली रक्ततपासणी आणि पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट एकाच मापाने मोजली जातात. आयटीआयएल ४ (२०१९) ला हा धोका ठाऊक आहे. वरून हिरव्या आणि आतून लाल कलिंगडाची उपमा तिथे अशाच अहवालांना दिली आहे. तरीही अंमलबजावणीत टक्केवारीच टिकते, कारण ती यंत्राकडून आपोआप मिळते. रुग्णाची खोळंबलेली वेळ मात्र कोणीतरी विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून या चौकटीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग सेवा-सातत्याचा आहे. कोणते काम किती वेळ बंद राहिलेले चालेल, हे तिथे प्रत्येक कामासाठी वेगळे ठरवावे लागते आणि ते सर्व्हर सांभाळणाऱ्याने एकट्याने ठरवायचे नसते. वॉर्डातल्या परिचारिकेला आणि खिडकीवरच्या कारकुनाला विचारावे लागते. संगणक बंद पडला तर कोरे केसपेपर कुठे ठेवले आहेत? अहवाल प्रयोगशाळेतून वॉर्डापर्यंत कोण नेणार? आणि प्रणाली सुरू झाल्यावर हाताने लिहिलेल्या दोन आठवड्यांच्या नोंदी संगणकात कोण भरणार, कोणत्या पाळीत?