शून्य टक्क्यांखालचे पाणी

दर उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यात वर्तमानपत्रांतून एक आलेख घरोघरी पोचतो. आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर टक्के, आणि वर मथळा : उजनी धरण वजा अमुक टक्के. स्तंभ शून्याच्या रेषेवर उभे राहण्याऐवजी तिच्याखाली लोंबत असतात. जून २०२४ मध्ये ते वजा साठच्या जवळ पोचले होते. त्यानंतर दोनेक महिन्यांतच हा आलेख शंभराच्या वर गेला. पुस्तकांचे, नाटकांचे परीक्षण आपण वाचतो. लाखो लोक रोज पाहतात त्या आलेखाचेही परीक्षण व्हायला हरकत नाही, म्हणून आम्ही येथे तो घेतला आहे.

उजनीच्या जलाशयाकाठी करमाळा तालुक्यात केतूर, कुगाव, चिखलठाण अशी गावे आहेत. काठावरच्या अशाच एका शाळेत सातवीच्या वर्गात आम्ही फळ्यावर हा आलेख काढला आणि विचारले, “शून्य टक्के म्हणजे धरणात किती पाणी?” बहुतेकांनी सांगितले, “काहीच नाही.” मग वजा तीस टक्के म्हणजे? वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “पण सर, आमची मोटार तर चालू आहे.” त्याच्या घरी त्या आठवड्यात पाणी मागे सरकले म्हणून मोटार आत नेली होती आणि पाइपचे आणखी तुकडे जोडले होते. पाणी आहे हे त्याला दिसत होते आणि आलेख नाही म्हणत होता. अशा वेळी मुले आलेखावर विश्वास ठेवतात आणि डोळ्यांवर ठेवत नाहीत, किंवा गणित हे शाळेपुरतेच असते असे ठरवून टाकतात. दोन्ही वाईट.

मुलाचे बरोबर होते. उजनी धरणाची साठवण पूर्ण पातळीला सुमारे ११७.२३ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. यापैकी ६३.६६ टीएमसी ‘मृत साठा’ आणि ५३.५७ टीएमसी ‘उपयुक्त साठा’ म्हणून धरला जातो. वर्तमानपत्रातले टक्के फक्त उपयुक्त साठ्याचे असतात. तेव्हा शून्य टक्के या क्षणी धरणात ६३.६६ टीएमसी, म्हणजे एकूण साठ्याच्या निम्म्याहून थोडे जास्त पाणी असते! वजा साठ टक्क्यांना ते ६३.६६ मधून ५३.५७ चे साठ टक्के वजा करून, सुमारे ३१.५ टीएमसी उरते. धरण पूर्ण कोरडे पडायचे तर आलेख सुमारे वजा ११९ पर्यंत उतरावा लागेल. आणि वरच्या बाजूलाही शंभरावर तो थांबत नाही. पाणी पूर्ण पातळीच्याही थोडे वर साठवतात तेव्हा १११ टक्के अशी नोंद होते. थोडक्यात, या आलेखाचा शून्य तळाशी नाही आणि शंभर माथ्याला नाही.

कोयनेशी तुलना करून पाहा. कोयनेचा एकूण साठा १०५.२५ टीएमसी, त्यातला मृत साठा जेमतेम ५ टीएमसी. कोयना ५० टक्के भरली की तिच्यात सुमारे ५५ टीएमसी पाणी असते. उजनी शून्य टक्के असते तेव्हा ६३.६६! पण वर्तमानपत्रातल्या कोष्टकात दोन्ही धरणे एकाखाली एक छापलेली असतात, आणि वाचणारा कोयना निम्मी व उजनी रिकामी असे समजून पान उलटतो.

आणखी एक फसगत आहे. धरण २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले की ‘साठा दुप्पट’ असे सहज बोलले जाते. उपयुक्त साठा दुप्पट झाला, हे खरेच. धरणातले पाणी मात्र ७४.४ वरून ८५.१ टीएमसी झाले, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी वाढले. तापमानाच्या धड्यात हीच गोष्ट आपण सांगतो. शून्य अंश सेल्सिअस म्हणजे उष्णता नाही असे नव्हे, आणि ४० अंश हे २० अंशांच्या दुप्पट गरम नव्हे. शून्य कोठे मांडायचा हे माणसाने ठरवलेले असले की ‘इतके पट’ हे शब्द जपून वापरावे लागतात.

मग ही टक्केवारी चुकीची म्हणायची का? नाही. आराखड्यात ४९१.०३ मीटर ही पातळी ठरवली गेली. तिच्यावरचे पाणी वाटपाच्या नियोजनात धरायचे, खालचे धरायचे नाही. शेतीला किती पाणी देता येईल, या प्रश्नाला ही टक्केवारी सरळ उत्तर देते. आमची तक्रार एवढीच की आलेखावर तो प्रश्न लिहिलेला नसतो. उभ्या अक्षाशेजारी ‘उपयुक्त साठ्याचे टक्के’ असे तीन शब्द छापायला कितीशी जागा लागते? ‘मृत’ हा शब्दही दिशाभूल करतो. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी भीमेतून सोडलेले पाणी वजा टक्केवारीतही सोडले गेले आहे, आणि काठावरच्या मोटारी तर याच साठ्यावर चालतात.

आता आपल्या वर्गाकडे वळू. बालभारतीच्या २०१६ सालच्या सहावीच्या पुस्तकात पूर्णांक संख्याही आहेत आणि स्तंभालेखही. पण वर्गात ही दोन प्रकरणे एकमेकांना क्वचितच भेटतात. स्तंभालेख शिकवताना आपला बहुतेक वेळ प्रमाण ठरवणे, स्तंभांची रुंदी सारखी ठेवणे आणि अक्षांना नावे देणे यात जातो, कारण गुण तेथे असतात. प्रश्न विचारले तर ‘सर्वांत जास्त कोणते’ आणि ‘फरक किती’ एवढ्यावर भागते. गणित-शिक्षणाच्या अभ्यासक फ्रान्सिस कर्सियो यांनी १९८७ साली आलेखवाचनाचे तीन टप्पे मांडले : आलेखात लिहिलेले वाचणे, आकड्यांमधला संबंध वाचणे आणि आलेखापलीकडचे वाचणे. आपण पहिल्यावर रेंगाळतो, दुसऱ्याला हात लावतो आणि तिसऱ्याला वेळ नाही म्हणतो. शून्य म्हणजे काय, शंभर कशाचे, हा आलेख कोणी कशासाठी काढला, हे प्रश्न तिसऱ्या टप्प्यावरचे आहेत. उजनीकाठच्या मुलांना नेमके तेच लागतात.

उपाय आपल्याच पुस्तकात आहे. आठवीला विभाजित स्तंभालेख येतो. १ सेंमी = १० टीएमसी असे प्रमाण घ्या. धरणाचा एक स्तंभ सुमारे ११.७ सेंमी उंचीचा काढा आणि तळापासून ६.४ सेंमीवर आडवी रेघ मारा. ही झाली वर्तमानपत्रातली शून्याची रेषा. आता वजा साठचे पाणी रंगवा : ३.२ सेंमी. काठावरच्या मुलाला हा स्तंभ पटतो, कारण तो जे पाहतो ते यात दिसते. २०२१ साली उजनीतून इंदापूरला ५ टीएमसी पाणी देण्यावरून सोलापूर जिल्ह्यात मोठा विरोध झाला आणि तो निर्णय मागे घेतला गेला. त्या ५ टीएमसीची या स्तंभावर अर्धा सेंमी पट्टी होते. एकूण साठ्याशी तुलना केली तर ४ टक्क्यांहून थोडी जास्त, उपयुक्त साठ्याशी केली तर ९ टक्क्यांहून जास्त. पाणी तेच. कोणता आकडा कोणाच्या तोंडी शोभेल, हे मुलांना विचारून पाहावे. कोणाची बाजू बरोबर हे शिक्षकाने सांगू नये, सांगायची गरजही पडत नाही.

पावसाळ्यातला आलेख आणखी मजेचा आहे. करमाळ्याचे आभाळ कोरडे असते, शाळेतल्या पर्जन्यमापकात थेंब नसतो, आणि धरण मात्र चढत असते. पाऊस पडतो तो पुणे जिल्ह्यातल्या सह्याद्रीच्या बाजूला. इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड यांचे पाणी भीमेतून खाली येते. म्हणून धरणाकाठी सगळ्यांचे कान दौंडच्या विसर्गाकडे लागलेले असतात. हा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, असा सांगतात. एका दिवसात ८६,४०० सेकंद. तेव्हा १ लाख क्युसेक दिवसभर वाहिले तर ८.६४ टीएमसी पाणी येते. ही झाली उपयुक्त साठ्याच्या सुमारे १६ टक्के.

समजा धरण वजा ३० ला आहे. पहिल्या दिवशी विसर्ग १ लाख, दुसऱ्या दिवशी ५० हजार, तिसऱ्या दिवशी २५ हजार. मुलांना दोन्ही आलेख काढायला सांगा. विसर्गाचे स्तंभ भराभर उतरतात. साठा मात्र वजा ३० वरून सुमारे वजा १४, वजा ६, वजा २ असा चढतच राहतो. (सोडलेले पाणी आणि बाष्पीभवन येथे सोडून दिले आहे.) ‘आवक निम्म्यावर’ असे वाचून धरण उतरू लागले म्हणणारी मोठी माणसेही आम्हाला भेटली आहेत. येणे आणि साठणे यांतला हा फरक पुढे कलनशास्त्रात मोठ्या नावाने भेटतो, पण सातवीच्या मुलाला तो पिगी बँकेच्या उदाहरणानेही कळतो. रोज टाकायचे पैसे कमी केले म्हणून डबा रिकामा होत नाही.

आलेखातली घसरण सगळ्यांना सारखी नसते, हेही वर्गात निघतेच. पाणी उतरले की काठाची जमीन उघडी पडते आणि तीत गाळपेर होते. भिगवणच्या बाजूला उथळ चिखलात रोहित पक्षी येतात. फार खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ पाण्याबाहेर दिसू लागते, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना मीटर न बघता साल सांगता येते.

वरच्या वर्गांसाठी शेवटचा एक आलेख सुचवतो. शून्य ते शंभर टक्के यांत पाण्याची उंची फक्त ५.८० मीटरने बदलते, ४९१.०३ पासून ४९६.८३ पर्यंत. एवढ्यात ५३.५७ टीएमसी मावते, म्हणजे सरासरी मीटरला ९ टीएमसीहून जास्त. पण प्रत्येक मीटरला सारखे नाही, कारण जलाशय वर पसरट होत जातो. घरची पसरट कढई घ्या, एकेक पेला पाणी ओता आणि दर पेल्याला उंची मोजून बिंदू मांडा. रेषा सरळ येणार नाही. मग कढई रिकामी करून तळाशी दोन पेले वाळू पसरा आणि तेच पुन्हा करा. ‘धरणात गाळ साचलाय, तर पातळी तीच असून पाणी तेवढेच कसे?’ असे कोणी ना कोणी विचारेलच. दोन्ही वक्र एकाच आलेख कागदावर वेगळ्या रंगांत काढून त्यालाच उत्तर शोधू द्यावे.