पंचवीस वॅटचे उत्तर

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातला 'विद्युत' हा धडा तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचला असेल. रायपूरला आमच्या ब्राह्मणपाऱ्यात मुले तो हिंदीतून शिकतात आणि गणित अडले की आमच्यासारख्यांच्या घरी वही घेऊन येतात. त्यातल्या एका प्रश्नाबद्दल माझी तक्रार आहे.

बल्बवर 220 व्होल्ट, 100 वॅट लिहिले आहे. तो 110 व्होल्टवर चालवला तर शक्ती किती? अपेक्षित उत्तर 25 वॅट. रीत तुम्हाला पाठ आहे: 220 चा वर्ग भागिले 100, म्हणजे रोध 484 ओहम. मग 110 चा वर्ग भागिले 484, म्हणजे 25.

आकडेमोड बिनचूक, पण बल्ब तसे वागत नाही. याच धड्यात ओहमचा नियम सांगताना 'तापमान तेच राहिले तर' अशी अट घातली आहे. बल्बची टंगस्टनची तार पूर्ण व्होल्टेजला अडीच हजार अंशांच्या वर तापते. व्होल्टेज निम्मे केले की ती बरीच थंड राहते आणि रोध साडेतीनशे ओहमच्या आसपास उतरतो. शक्ती भरते साधारण 33 वॅट. पुस्तकाने स्वतःची अट स्वाध्यायात सोडून दिली. 'रोध बदलत नाही असे माना' एवढे शब्द पुरले असते.

सगळा धडा असा नाही. 5 अँपिअरच्या मर्यादेत 10 वॅटचे किती दिवे समांतर लागतील (उत्तर 110), हा प्रश्न मला फार आवडतो. फ्यूज कशासाठी असतो ते त्यातून आपोआप कळते. शिवाय तिथे दिवे आपापल्या ठरलेल्या व्होल्टेजवर आहेत, म्हणून हिशेब खराही ठरतो. ओहमच्या नियमाच्या मर्यादा बारावीच्या पुस्तकात येतात, पण तोवर सवय पक्की झालेली असते.

ती सवय मला पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत भेटते. थंड बल्बला मल्टिमीटर लावला की चाळीसेक ओहम दिसतात. विद्यार्थी म्हणतो, "सर, मीटर बिघडलाय." दुसरा त्याच चाळीसवरून 1210 वॅट काढतो आणि निमूटपणे वहीत लिहितो! मीटरला दोष देणारा निदान थांबला तरी. दुसऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

तुम्हीच पाहा, मात्र शिक्षक समोर असतानाच, कारण ही घरातली वीज आहे. शंभरचे दोन सारखे जुने बल्ब (एलईडीच्या दिवसांत ते शोधावे लागतील) एकसर जोडा आणि ॲमीटर लावा. प्रत्येकाला निम्मे व्होल्टेज मिळते. पुस्तकी हिशेबाने विद्युतधारा 0.23 अँपिअर यायला हवी, काटा 0.30 च्या जवळ थांबेल. ते वाचन वहीत जसेच्या तसे लिहा आणि शेजारी तारेचा त्या वेळचा रोध काढा.