संकेत म्हणजे निदान नव्हे

आपल्या पाठ्यपुस्तकांतून ‘वैज्ञानिक पद्धत’ शिकवली जाते ती बहुधा चार-पाच शब्दांची माळ म्हणून : निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. ही पद्धत प्रयोगशाळेतल्या थोरामोठ्यांची, आपला तिच्याशी काय संबंध, असाच त्यांचा समज राहतो. हा समज दूर करणारी पुस्तके थोडी आहेत. रॉबर्ट पर्सिग यांचे १९७४ साली प्रसिद्ध झालेले ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे त्यांपैकी एक. १९६८ साली आपल्या मुलाला मागे बसवून पर्सिग अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातून थेट कॅलिफोर्नियापर्यंत मोटरसायकलने गेले. त्या प्रवासाच्या निमित्ताने त्यांनी हे पुस्तक लिहिले. ते मुख्यतः तत्त्वज्ञानाचे आहे. मोटरसायकलच्या माहितीसाठीही त्यावर फारसे विसंबू नये, असे खुद्द लेखकानेच सुरुवातीला सुचवले आहे. तरीही त्याचे नववे प्रकरण प्रत्येक विज्ञानशिक्षकाने वाचावे असे आहे.

त्या प्रकरणानंतर अर्धशतक लोटले. मोटरसायकलमध्ये संगणक आला आणि दोष शोधण्यासाठी कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांकडे खास सॉफ्टवेअर आले. मग पर्सिग यांनी सांगितलेल्या रीतीची आज किंमत काय उरली? ही रीत आता संग्रहालयात ठेवावी का?

प्रथम त्यांचे म्हणणे पाहू. खड्ड्यावरून जाताना गाडी ‘मिसिंग’ मारते, पुढच्या खड्ड्यावर पुन्हा तेच होते, गुळगुळीत रस्त्यावर मात्र होत नाही. यावरून धक्क्याचा आणि बिघाडाचा संबंध जोडणे हे विगमन. हॉर्न केवळ बॅटरीवर चालतो हे माहीत असल्याने ‘बॅटरी उतरली असेल तर हॉर्न वाजणार नाही’ असे म्हणणे हे निगमन. या दोहोंची गुंफण म्हणजे वैज्ञानिक पद्धत. बिघाड अवघड असेल तेव्हा वहीत सहा नोंदी करा, असे पर्सिग सांगतात : प्रश्न, संभाव्य कारणे, प्रत्येक कारणासाठी चाचणी, अपेक्षित फळ, प्रत्यक्ष फळ आणि निष्कर्ष. पहिल्या नोंदीत गरजेपेक्षा अधिक काही गृहीत धरू नये, यावर त्यांचा कटाक्ष आहे. दोष विजेचाच आहे हे ठरलेले नसताना ‘विजेच्या भागात काय बिघडले?’ असे लिहिणे म्हणजे आरंभीच वाट चुकणे होय. प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली आणि ठिणगी दिसली नाही, तर दोनच गोष्टी संभवतात. एक तर विजेत दोष आहे, नाहीतर आपली चाचणीच ढिसाळ झाली आहे. शाळेच्या प्रयोगवहीत या दुसऱ्या शक्यतेला आपण कधी जागा देतो का?

आता संगणक आलेल्या गाडीकडे वळू. १९९३ साली बीएमडब्ल्यू कंपनीने आर ११०० आरएस ही मोटरसायकल आणली. तिचे इंधन आणि ठिणगी या दोन्हींचे नियंत्रण बॉश कंपनीच्या मोट्रॉनिक या संगणकाकडे होते. आज अशा गाड्या तीस वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांच्या तारांची वेष्टणे कडक झाली आहेत, कपलर गंजले आहेत. साहजिकच बिघाड विजेचे असतात आणि मालक प्रथम सॉफ्टवेअर जोडून पाहतो.

या सॉफ्टवेअरला काय दिसते? त्याला तार दिसत नाही, कपलर दिसत नाही. संगणकाच्या स्वतःच्या पिनेवर किती व्होल्ट आहेत, एवढेच त्याला कळते. उदाहरणार्थ, इंजिनाचे तापमान मोजणारा संवेदक म्हणजे एक उष्णतारोधक, अर्थात थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो. संगणक ५ व्होल्टचा दाब एका ठरावीक रोधातून त्याला देतो आणि मधल्या बिंदूवरील दाब मोजतो. तार तुटली की प्रवाह थांबतो आणि पिनेवर जवळजवळ पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. संगणकाच्या हिशेबी याचा अर्थ अतिप्रचंड रोध, म्हणजेच अतिप्रचंड थंडी! भर उन्हाळ्यात काही गाड्यांच्या पडद्यावर उणे ४० अंश दिसतात ते यामुळेच. पडदा ‘तापमान संवेदक : दोष’ असे सांगतो. पण दोष संवेदकात असेल, तारेत असेल, कपलरात असेल किंवा खुद्द संगणकातही असेल. पर्सिग यांच्या वहीत हा संकेत ‘निरीक्षण’ या सदरात बसतो. तो ‘निष्कर्ष’ या सदरात लिहिला की खिशाला चाट बसते.

याच पिढीच्या गाड्यांतील चाके अडकू न देणाऱ्या ब्रेकयंत्रणेचे उदाहरण बोलके आहे. बॅटरी अशक्त असली की स्टार्टर फिरवताना दाब खाली जातो. ब्रेकचा नियंत्रक त्याची दोष म्हणून नोंद करतो आणि दिवे लुकलुकत राहतात. घाईने ‘ब्रेकचा दोष’ म्हणून महागडा नियंत्रक बदलावा, तर नव्यालाही तीच अशक्त बॅटरी मिळते आणि दिवे पुन्हा लुकलुकू लागतात.

त्याहून फसवा बिघाड हॉल संवेदकाचा. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेल्या परिणामावर चालणारा हा संवेदक इंजिनाचा दांडा कुठवर फिरला आहे ते संगणकाला सांगतो. आर ११०० मालिकेत तो इंजिनाच्या पुढील बाजूस बसतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याच्या तारांच्या वेष्टणाला तडे जातात. पावसात तेथे ओल शिरली की इंजिन बंद पडते आणि वाळले की सुरू होते. गाडी कोरडी होऊन गॅरेजात पोहोचेपर्यंत पडद्यावर सारे ठीक दिसू शकते. अधूनमधून होणाऱ्या अशा बिघाडाला पर्सिग यांनी सव्विसाव्या प्रकरणात उत्साह खचवणारा सापळा मानले आहे आणि तो कधी होतो याचा मेळ घालत राहा, असा सल्ला दिला आहे. येथे मेळ पावसाशी बसतो. मग चाचणी ठरते. इंजिन चालू ठेवून प्रथम कॉइलच्या तारांवर पाण्याचा फवारा मारायचा आणि नंतर हॉल संवेदकाच्या तारांवर. पहिल्या वेळी काही झाले नाही आणि दुसऱ्या वेळी इंजिन बंद पडले, तर गृहीतकाला बळ मिळते.

सॉफ्टवेअर निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मुळीच नव्हे. इंजिन बंद पडल्या अवस्थेत स्टार्टर फिरवत पडद्यावरील फेऱ्यांचा आकडा पाहावा. इंजिन फिरत असूनही आकडा शून्यच राहिला, तर फिरण्याची वर्दी संगणकापर्यंत पोहोचत नाही हे एका क्षणात कळते. पर्सिग यांच्या काळी असे उपकरण नव्हते. मात्र तो आकडा केव्हा पाहायचा आणि त्याची अपेक्षा काय ठेवायची, हे पडदा सांगत नाही, पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते.

हेच मल्टिमीटरलाही लागू आहे. स्टार्टर १०० अँपिअर प्रवाह ओढतो असे समजा. वाटेत गंजलेल्या सांध्याचा रोध अवघा ०.०२ ओहम असला तरी तेथे २ व्होल्ट वाया जातात. मीटरने हा रोध मोजू गेल्यास त्याच्या स्वतःच्या तारांचाच रोध याहून अधिक भरतो आणि सांधा निर्दोष ठरतो. म्हणून स्टार्टर फिरत असताना सांध्याच्या दोन टोकांमधील दाब मोजायचा असतो. चाचणीच ढिसाळ असू शकते, हा पर्सिग यांचा इशारा येथे तंतोतंत पटतो.

त्यांच्या विवेचनात उणिवाही आहेत. सहा नोंदींच्या त्या यादीत कोणते गृहीतक आधी तपासावे, हे येत नाही. जाणता कारागीर आधी बॅटरी, फ्यूज, अर्थिंग पाहतो, कारण त्या चाचण्या स्वस्त आणि ते दोष नेहमीचे. मग तो मंडल मधोमध तोडून दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवतो. ही अर्धे-अर्धे करण्याची युक्ती प्रकरणात ठळकपणे यायला हवी होती. दुसरे असे की, पर्सिग यांचा कारागीर एकटा आहे. गाडी आणि वही एवढ्यावर त्याचे भागते. आजच्या कारागिराला वायरिंगचा नकाशा, संकेतांचे अर्थ आणि सॉफ्टवेअर मिळाल्यावाचून चाचणीच करता येत नाही, आणि हे ज्ञान बहुधा विक्रेत्यांच्या हाती असते. गाडी जुनी झाली की त्यांचाही तिच्यातील रस कमी होतो. पद्धत सर्वांची आणि माहिती मोजक्यांची, ही अडचण पर्सिग यांच्या प्रकरणात नाही. ती आपल्या काळाची आहे.

हा प्रश्न परदेशी गाड्यांपुरता नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली आणि आपल्या दुचाक्यांतही स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा आली. आपल्या शाळेतून बाहेर पडून गॅरेजात शिकणाऱ्या मुलाच्या हाती आता पान्याबरोबर स्कॅनरही असणार. तो संकेत वाचून सुटे भाग बदलत बसेल की विचार करील, हे काही अंशी आपल्या वर्गात ठरते. पुस्तकाच्या आरंभी पर्सिग यांना असेच बेफिकीर कारागीर भेटले होते. त्यांनी इंजिन पुन्हा पुन्हा उघडले. खरा दोष होता तेल पोहोचवणाऱ्या भागातील २५ सेंटच्या एका तुटलेल्या पिनेत. स्कॅनर त्या वेळी नव्हता, बेफिकिरी मात्र होती.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. १२ व्होल्टच्या बॅटरीला १००० ओहमचा रोधक जोडून तो टेपमध्ये गुंडाळून लपवा. त्याच्या पुढे डिजिटल मल्टिमीटर लावा. तो जवळजवळ पूर्ण १२ व्होल्ट दाखवील, कारण त्याच्यातून प्रवाह नगण्य जातो. मग मीटरच्या जागी मोटरसायकलचा हेडलाइटचा बल्ब लावा. तो पेटणार नाही. मुलांना एवढेच विचारा : मीटर खोटे बोलला का? आणि उत्तर सांगण्यापूर्वी वहीत सहा नोंदी करायला लावा.