कॅडो लोकांच्या इतिहासाचीं साधनें : एक परीक्षण

अमेरिकेंतील टेक्सस, लुइझियाना, आर्कान्सा व ओक्लाहोमा हीं संस्थानें जेथें एकमेकांस भिडतात, तो कॅडो लोकांचा मूळ प्रदेश. त्यांच्याविषयींचीं स्पॅनिश व फ्रेंच साधनें जॉन स्वँटन ह्यांनीं १९४२ सालीं एकत्र प्रसिद्ध केलीं. मूळ लेख वाचकापुढें ठेवून मग बोलावें, ही संशोधनाची शिस्त ह्या ग्रंथांत उत्तम पाळलेली आहे. मक्याची शेती, गवतानें शाकारलेलीं घुमटाकार उंच घरें, अखंड अग्नि राखणारें मंदिर, ‘कॅडी’ हा गांवाचा मुख्य व ‘शिनेसी’ हा सर्वांवरील धर्माधिकारी, ह्यांची माहिती येथें एकाच ठिकाणीं सांपडते. टेक्सस हें नांवही त्यांच्याच भाषेंतील ‘मित्र’ ह्या अर्थाच्या शब्दापासून निघालें आहे.

परंतु साधन हातीं आलें म्हणजे निर्णय हातीं आला, असें नव्हे. १६८७ चा फ्रेंच प्रवासी जूतेल व १६९१ चा स्पॅनिश पाद्री कासान्यास ह्यांचे जबाब स्वँटन विषयवार शेजारीं शेजारीं लावतात. त्यामुळें प्रत्येक साक्षीचा काळ व हेतु दृष्टीआड होतो. कासान्यास धर्मांतराच्या कार्यासाठीं आला होता. त्याच सुमारास सांथ पसरली आणि लोकांनीं बाप्तिस्म्याच्या पाण्यावर ठपका ठेवला. १६९३ सालीं स्पॅनिश लोकांस तेथून निघावें लागलें. म्हणजे हा पाद्री साक्षीदार खरा, पण वादांतील पक्षकारही होता. त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें घ्यावें; अग्निमंदिराविषयींचें त्याचें मत मात्र पारखूनच घ्यावें.

दुसरी उणीव अधिक मोठी आहे. परक्यांच्या जबाबांच्या मानानें कॅडोंच्या स्वतःच्या परंपरेला येथें जागा थोडी. डॉर्सी ह्यांनीं त्यांच्या कथा १९०५ सालींच छापल्या होत्या. पुढें व्हायनोला न्यूकमेट ह्या कॅडो विदुषीनें हॉवर्ड मेरेडिथ ह्यांच्यासह १९८८ सालीं ‘हसिनाई’ हा ग्रंथ लिहिला, तो परंपरागत नृत्यांच्या क्रमानें. त्यांपैकीं टर्की-नृत्य स्त्रिया दिवसा करितात व सूर्यास्तापूर्वीं संपवितात. त्याच्या गाण्यांत जुन्या लढायांची स्मृति राहिली आहे.

गाण्यांत सनावळी नसते, हा आक्षेप खरा आहे. परंतु १८३५ च्या तहानें ज्यांची लुइझियानांतील भूमि गेली व १८५९ सालीं ज्यांना टेक्सससही मुकावें लागलें, त्यांच्याविषयींचे कागद बहुतांशीं परक्यांनींच लिहिले. तेव्हां काळ कागदावरून ठरवावा आणि घटनेचा अर्थ लावितांना गाण्याची साक्ष घ्यावी. अभ्यासकानें हे दोन्ही ग्रंथ शेजारीं ठेवूनच वाचावे.