एका अपराधाला दोन मापे

उच्चनीचतेवाचून समाज चालेल काय, हा प्रश्न बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी थेट घराच्या उंबरठ्यात उभा केला. त्यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा उजेडात आणला. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेचे. अर्भकहत्येबद्दल १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. वृत्तपत्रांनी मात्र साऱ्या स्त्रीजातीला दोषी धरले. विधवेला या स्थितीला नेणाऱ्या पुरुषाचे काय, हा ताराबाईंच्या संतापाचा रोख आहे.

त्यांची भाषा रोखठोक, बोलीच्या ठसक्याची. स्त्रीवर लादलेला एकेक दोष घेऊन तो पुरुषाच्या पदरात त्या टाकतात. निबंधाचे बळ यातच आहे आणि मर्यादाही: दोषांचा हिशेब चोख होतो, नव्या व्यवस्थेचा आराखडा मिळत नाही. तरीही आम्हांला त्यात उत्तराची दिशा दिसते. समाजात पदे राहतील, जबाबदाऱ्याही वाटाव्या लागतील. न्यायाचे माप तेवढे एक हवे.

संत योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला प्रभूपुढे उभे करतात. तिच्यासोबतचा पुरुष तेथे नसतो. प्रभू दोष देणाऱ्यांनाच त्यांच्या पापाची आठवण देतो. आपल्या धर्मग्रामात एखादी अविवाहित मुलगी माता झाली, तर तिच्या घरी जाणेयेणे आपण थांबवतो आणि त्या मुलासाठी स्थळे पाहू लागतो. हे असे चालते तोवर उच्चनीचतेवाचून समाज चालत नाही, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण तो चालवून पाहिलेलाच नाही.